दोन समुद्रांचे पाणी

प्रवासवर्णनांची पुस्तके आणि अलीकडे घरोघर पोहोचलेली हलती चित्रे यांच्या योगाने भूमध्य समुद्राकाठचे धबधबे आमच्या वाचकांस आता अगदीच अपरिचित राहिलेले नाहीत. तुर्कस्थानात अंताल्या नावाचे शहर आहे. तेथे ड्यूडेन नदीचा एक प्रवाह उंच कड्याच्या टोकापर्यंत वाहत येतो आणि तेथून थेट समुद्रात उडी घेतो. पाठीशी टॉरस पर्वताच्या रांगा, समोर निळा सागर, आणि दोहोंच्या मध्ये ते पांढरे पाणी! डोंगर आणि समुद्र जेथे असे एकमेकांस भिडलेले असतात, तेथल्या पाण्याला प्रवास म्हणून करावाच लागत नाही. आपल्या कोकणातही थोडाबहुत हाच प्रकार आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस कड्यावरून कोसळतो, आणि फार लांब न जाता खाडीच्या खाऱ्या पाण्यात मिसळून जातो.

त्यामुळे धबधबा पाहावयाचा म्हटले की आम्हां मराठवाड्यातील लोकांच्या तोंडी प्रथम कोकणाचेच नाव यावे, यात नवल नाही. आमच्याकडे समुद्र नाही. पाऊसही वर्षाकाठी सरासरी अठ्ठावीस-तीस इंच, आणि तोही रुसव्याफुगव्याचा. तथापि, छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला आपण औरंगाबाद म्हणत होतो, त्या शहरापासून एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढ्या टापूत असे धबधबे आहेत की, त्यांची गोष्ट अंताल्याच्या धबधब्याहून आम्हांस अधिक चित्तवेधक वाटते. त्यांच्या पायाशी समुद्र नाही हे खरे, परंतु त्यांच्या पाण्याच्या वाट्याला एक सोडून दोन समुद्र आलेले आहेत.

ते कसे, हे कळण्यासाठी आधी डोंगर पाहिला पाहिजे. सातमाळा किंवा अजिंठ्याची रांग या नावाने ओळखला जाणारा हा डोंगर पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. दक्षिणेकडून, म्हणजे शहराकडून कन्नडला जाताना आपण डोंगर चढत आहोत असे मुळी वाटतच नाही. जमीन हळूहळू उंचावत जाते, ज्वारी-मक्याची शेते दोहों बाजूंस असतात, आणि मग एकाएकी पुढची जमीन नाहीशी होते. खाली, फार खाली, खानदेशचे सपाट मैदान धुक्यात दिसू लागते. एका अंगास उतरती ओसरी आणि दुसऱ्या अंगास सरळ भिंत, अशी या डोंगराची बांधणी आहे. माथ्यावर पडणारा पाऊस या दोन अंगांत वाटला जातो. दक्षिणेकडे वळलेले पाणी गोदावरीत जाऊन अखेरीस बंगालच्या उपसागरास मिळते. उत्तरेकडे कोसळलेले पाणी तापीत जाऊन सुरतेपलीकडे अरबी समुद्रास मिळते. एकाच ढगातून पडलेल्या दोन थेंबांची ही ताटातूट मनात आणली म्हणजे या वैराण वाटणाऱ्या माथ्याविषयी निराळाच आदर वाटू लागतो. (नावांचा घोटाळाही येथे पुष्कळ आहे. या डोंगरात उगवणारी पूर्णा गोदावरीस मिळते, आणि विदर्भातून वाहणारी दुसरी पूर्णा तापीस. भूगोलाच्या परीक्षेत या दोन पूर्णांनी किती मुलांचे गुण खाल्ले असतील कोण जाणे!)

या धबधब्यांविषयी लोकांची मोठी तक्रार अशी की ते बारमाही नाहीत. आषाढात जागे होतात, भाद्रपदापर्यंत गर्जतात, आणि दिवाळीला जावे तो काळ्या दगडावर पांढरे डाग तेवढे उरलेले! ही तक्रार खोटी नाही. पण याच तक्रारीपायी आमच्या लोकांनी एक विपरीत रीत पाडून घेतली आहे. वेरूळ-अजिंठ्याला जावयाचे ते नाताळच्या सुटीत. हवा थंड असते, रस्ते कोरडे असतात, मुलांना शाळा नसते. आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात सहल ठरली तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींनी हीच कारणे पुढे केली. पावसात लेणी कोण पाहतो, पाय घसरून कोणाचे हाड मोडले तर निस्तरणार कोण, आणि चातुर्मासात बाहेरच्या खाण्याचे काय, असे तीन प्रश्न आले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट-दही या रूपाने स्वयंपाकघरातून मिळाले. दुसऱ्या प्रश्नाचा विचार पुढे योग्य स्थळी करू. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हांला आमच्या पंचांगातच सापडले.

आषाढी एकादशीला आपल्याकडे चातुर्मास बसतो. या दिवसांत संन्याशाने भटकू नये, एके ठिकाणी राहावे, असा आपला दंडक आहे. बौद्ध भिक्षूंचाही नियम असाच होता, आणि अजून आहे. त्याला ते वर्षावास म्हणतात. आषाढी पौर्णिमा झाली की तीन महिने एका जागी मुक्काम. एरवी वर्षभर गावोगाव फिरणे. तेव्हा डोंगरात खोदलेली ही विहारे पुढे बारमाही वस्तीची झाली असली, तरी मुळात पावसाळी मुक्कामाची सोय म्हणूनच त्यांचा जन्म झाला. ज्या महिन्यांत समोरचा धबधबा जिवंत असतो, नेमक्या त्याच महिन्यांत आत माणसे असत. आपण डिसेंबरात जाऊन जे पाहतो ते घरधनी गावाला गेल्यानंतरचे घर होय. भिंती, खांब, चित्रे सर्व काही असते. पण ते घर ज्यासाठी बांधले त्याचा आवाज तेवढा नसतो.

वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटर. ते इतक्यांनी इतक्या वेळा वर्णिले आहे की आम्ही येथे फार रेंगाळणार नाही. कैलासाभोवतीची गर्दी सोडून उत्तरेकडे चालत गेले म्हणजे एकोणतिसाव्या क्रमांकाच्या लेण्याजवळ वेळगंगेचा धबधबा लागतो. खालच्या डोहास सीतेची न्हाणी असे नाव आहे. म्हैसमाळच्या बाजूच्या उंच भूमीवरून येणारी ही नदी एरवी एवढीशी असते. पावसाची मोठी सर येऊन गेली की ती कड्यावरून अशी उतरते की शेजारच्या लेण्यात उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचे बोलणे ऐकू येऊ नये. लेण्याच्या प्रचंड खांबांतून बाहेर पाहिले की अंगणात जणू पाण्याचा पडदा सोडला आहे असे वाटते. आत रावण कैलास हलवीत आहे आणि बाहेर खरोखरीच डोंगर हलल्यासारखा नाद चालला आहे, हा योग हिवाळ्यातल्या प्रेक्षकाच्या नशिबी नसतो.

वेरूळचे पाणी दक्षिणेकडचे. ते गोदावरीच्या खोऱ्यात उतरते आणि पैठणच्या नाथसागरात जाते. १९७६ साली पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय. त्याचेच पाणी नळांनी आमच्या शहरात येते. म्हणजे सीतेच्या न्हाणीत पडलेले पाणी डोंगर उतरून पैठणला जाते, आणि त्यातला काही अंश तरी यंत्रांच्या बळावर पुन्हा वर चढून आमच्या माजघरातील पिंपात येऊन पडतो. नळाला पाणी किती दिवसांनी येते हा आमच्या शहरातील नित्याचा व कडवट विषय आहे, त्यात येथे शिरत नाही; पण ही गोष्ट कळल्यापासून घरातल्या मुलांनी दात घासताना नळ सोडून ठेवणे बंद केले, एवढे मात्र खरे.

आमचे मन खरे गुंतले ते पितळखोऱ्यात. वेरूळला लाखो लोक जातात आणि तेथून अवघ्या ४० किलोमीटरांवरच्या या दरीत पावसाळ्यातल्या सुटीखेरीज चिटपाखरू नसते, हे महाराष्ट्राच्या रसिकतेस फारसे भूषणावह नाही. कन्नडच्या पुढे गौताळ्याच्या रानात माथ्यावरून चालत गेले की पायांखाली दरी उघडते. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरावयाचे, ओढा ओलांडावयाचा, आणि मग कड्याच्या पोटातली लेणी समोर येतात. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात येथे खोदकाम सुरू झाले. म्हणजे वेरूळच्या आधी सातआठशे वर्षे. दान देणाऱ्यांचे लेख भिंतींवर आहेत. त्यांत प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, मितदेव नावाचा एक गांधी आहे. गांधी म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. राजवैद्याच्या घरच्यांचीही नावे आहेत. येथे सापडलेली यक्षाची एक हसरी, बुटबैंगण मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ती कृष्णदास सोनाराने घडविल्याचे कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचा अत्तरवाला या रानात पैसे पाठवीत होता आणि सोनार दगडाला दागिन्यासारखा घडवीत होता!

परंतु आम्ही येथे आलो ते पाण्यासाठी, आणि पाण्याची खरी गंमत चौथ्या क्रमांकाच्या लेण्याच्या दाराशी आहे. खाली हत्तींची रांग, वर द्वारपाल, आणि बाजूस दगडातच कोरलेला एक पंचफणी नाग. या नागाच्या फणांना बारीक छिद्रे आहेत. डोंगराच्या पोटातून झिरपणारे पाणी लेण्यात शिरून नासधूस करी. म्हणून कारागिरांनी आतल्या खडकात चर खोदून ते पाणी वळविले व या फणांतून बाहेर काढले. आपल्या वाड्यांत पन्हाळीच्या तोंडाला मगरीचे मुख बसवितात ना, तोच विचार. फक्त येथे त्या पन्हाळीचा देव झाला आहे. नाग हा पावसाचा आणि पाण्याचा राखणदार ही समजूत त्या काळीही होती. आम्ही गेलो तो दिवस नागपंचमीनंतरचा तिसरा. आमच्या थोरल्या काकूंनी त्या फणांकडे बराच वेळ पाहिले, आणि पाटावर चंदनाने काढलेल्या नागापेक्षा हा अधिक कामाचा दिसतो, असा शेरा मारला.

कारागिरांच्या या खटपटीला यश किती आले? फारसे नाही, असेच म्हणावे लागते. येथला खडक ठिसूळ आहे. कित्येक लेण्यांचे दर्शनी भाग कोसळून दरीत गेले आहेत. खांब अर्धे उरले आहेत. हा सारा प्रदेश ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची ती घडामोड. या थरांत काही घट्ट, काही भुसभुशीत, तर मधूनमधून लाल मातीसारखा एखादा पट्टा. पाणी मऊ थर पोखरते, वरचा घट्ट थर अधांतरी राहतो, आणि त्याच्या धारेवरून धबधबा पडतो. कड्याला सरळपणा आला तो याच रचनेमुळे, आणि भिक्षूंना आडवे खोदीत जाण्याजोगा खडक मिळाला तोही त्याच रचनेमुळे. ज्या पाण्याने लेण्याला जागा करून दिली, त्याच पाण्याने पुढे लेण्याचा दर्शनी भाग तोडून नेला.

पितळखोऱ्याच्या उत्तरेस, कड्याच्या तळाशी, पाटणादेवीचे रान आहे. चंडिकेचे जुने हेमाडपंती देऊळ, भोवती धवलतीर्थ व केदारकुंड हे धबधबे. गणिताची आवड असलेल्या वाचकांस या स्थळाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने येथे मठ स्थापिल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणला, तो येथलाच.

आता घरच्या मंडळींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. या पाण्याशी खेळ करता येत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी या माथ्यावर रात्रीत असा पाऊस झाला की कन्नडच्या घाटात दरडी कोसळून वाहने अडकली, आणि खाली चाळीसगावात तितूर व डोंगरी या नद्यांचे पाणी घरांत व दुकानांत शिरले. गुरे वाहून गेली. वर पाऊस पडतो तेव्हा खालच्या ओढ्याकाठी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर ऊनही असू शकते. म्हणून आमचा अनुभवाचा सल्ला असा: ओढ्याचे पाणी गढूळ होऊ लागले, त्यात पाने-काटक्या येऊ लागल्या, की पलीकडच्या तीरावर कितीही सुंदर लेणे असो, त्या दिवशी माघारी फिरावे. डोहात उतरू नये. त्याचा तळ सपाट नसतो, गोट्यांनी घोटून रांजणासारखा खोल केलेला असतो. कड्याच्या धारेशी छायाचित्रासाठी उभे राहणाऱ्या तरुण मंडळींस काय सांगावे! त्यांना वडिलांनी हाताला धरूनच मागे ओढले पाहिजे. शेवाळलेल्या पायरीवर चप्पल काढून अनवाणी चालावे हा जुना उपाय मात्र सर्वत्र लागू पडत नाही. खाचा असलेल्या तळाचे बूट बरे. काकूंनी नऊवारीचा काष्टा आवळला, हातात काठी घेतली, आणि पितळखोऱ्याच्या साऱ्या पायऱ्या कोणाचा हात न धरता उतरल्या व चढल्या. वयाचा आकडा सांगण्याची त्यांची परवानगी नाही.

अजिंठ्याला आम्ही दुसऱ्या रविवारी गेलो. शहरापासून सुमारे १०० किलोमीटर. बहुतेक लोक फर्दापूरच्या तिठ्यावर उतरून तेथल्या बसने थेट लेण्यांच्या पायथ्याशी जातात. वेळ असेल त्याने आधी समोरच्या माथ्यावरील दर्शनबिंदूवर जावे, असे आम्ही आग्रहाने सांगू. १८१९ सालच्या एप्रिलात जॉन स्मिथ नावाचा घोडदळाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने आला, आणि दरीपलीकडे झाडीत दडलेली दहाव्या लेण्याची कमान त्याच्या दृष्टीस पडली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तो आला ऐन उन्हाळ्यात. त्याला लेणे दिसले. पण वाघूर नदी दिसली असेल ती कोरड्या दगडांची ओळ म्हणून.

आम्हांस ती निराळी दिसली. माथ्याच्या हिरव्या पठारावरून ती येते आणि सात टप्प्यांनी खाली उतरते; म्हणून त्या धबधब्याचे नाव सातकुंड. एका कुंडातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटल्या उडीनंतर ती घोड्याच्या नालासारखे वळण घेते. या वळणाच्या बाहेरच्या अंगास २५० फुटांच्या आसपास उंचीचा कडा आणि त्या कड्याच्या पोटात तीस लेणी. नदीने आधी वळण काढले, आणि मग माणसाने त्या वळणावर लेण्यांची माळ ओवली. आज आपण एका सलग रस्त्याने या लेण्यातून त्या लेण्यात जातो, तसा रस्ता त्या काळी नव्हता. प्रत्येक लेण्याला स्वतःचा जिना होता आणि तो खाली नदीपर्यंत उतरत असे. सोळाव्या लेण्याचा जिना अजून पाहावयास मिळतो. पाचव्या शतकात वाकाटक सम्राट हरिषेणाचा प्रधान वराहदेव याने हे लेणे कोरविले. जिन्याच्या तोंडाशी दोन हत्ती गुडघे टेकून बसले आहेत, आणि वर चढताना वळणावर एक नागराज ऐटीत आसनस्थ आहे. नदीवरून पाणी घेऊन वर येणाऱ्या प्रत्येक भिक्षूला या नागराजासमोरूनच जावे लागत असणार. पितळखोऱ्याच्या कारागिरांनी नागाला पाणी वाहून नेण्याच्या कामी लावले होते. सहासातशे वर्षांनंतर येथे तो दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहतो आहे.

चित्रांविषयी येथे लिहीत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढेच सांगतो की पावसाळी दिवशी लेण्यांत उजेड कमी असतो, आणि डोळा सरावेपर्यंत धीर धरावा लागतो. आमच्यातील काही जण कंटाळून बाहेर आले व ओट्यावर बसून धबधब्याचा आवाज ऐकत राहिले. आमच्या मते त्यांचेही काही चुकले नाही. त्या ओट्यांवर बसून पंधराशे वर्षांपूर्वी पुष्कळांनी हेच केले असेल.

खाली पुलाजवळ काकूंनी विचारले, "हे पाणी गोदेलाच जाते ना रे?"

नाही म्हणून सांगितले. ही वाघूर उत्तरेस जाते, जळगावजवळच्या धरणात अडते, त्या शहराची तहान भागविते, आणि उरलेली तापीस मिळते. तापी सुरतेवरून पश्चिम समुद्रास.

काकू थोडा वेळ हिशेब करीत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे स्नानाच्या श्लोकात हिच्या वाटेवरची एकही नदी नाही. गोदावरी आहे, नर्मदा आहे, कावेरीसुद्धा आहे. तापीने काय केले होते?"

या प्रश्नाचे शास्त्रार्थासह उत्तर आमच्यापाशी नव्हते. काका मात्र खानदेशात नोकरीनिमित्त पुष्कळ वर्षे राहिलेले. तिकडची जुनी समजूत त्यांनी सांगितली की, गंगेत स्नान करावे लागते, नर्मदेचे दर्शन घ्यावे लागते, आणि तापीचे नुसते स्मरण केले तरी पुरते.

"मग बरे आहे," असे म्हणून काकूंनी हात जोडले आणि पदर सावरून त्या बसकडे चालू लागल्या. कारण शेवटची बस चुकली तर फर्दापूरपर्यंतची चार किलोमीटर वाट पावसात तुडवावी लागते.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अजिंठ्याची लेणी सोमवारी आणि वेरूळची मंगळवारी बंद असतात. श्रावणी सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाची मोठी गर्दी असते, तेव्हा धबधब्यासाठी जाणाऱ्याने तो दिवस टाळावा. चालवत नसलेल्या वृद्धांसाठी अजिंठ्याला डोली मिळते. दर आधी ठरवून घ्यावा.